मदत हवी आहे: बुशमध्ये कण एकसारखे पसरत नाहीत

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमची छोटी फाउंड्री आहे. गनमेटलला (तांबं-कथलाचा मिश्रधातू) पर्याय म्हणून एलएम २५ या ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूमध्ये १० टक्के सिलिकॉन कार्बाइड आणि ३ टक्के ग्रॅफाइट ढवळून बेअरिंग बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) ओततोय. कण धातूत नीट मिसळावेत म्हणून कार्बाइड ९०० अंशांवर भाजून घेतो, १ टक्का मॅग्नेशियमही घालतो. तरी बुश कापला की कार्बाइड तळाशी रव्यासारखं बसलेलं आणि ग्रॅफाइट वर काळ्या सायीसारखं! कार्बाइडची घनता ३.२ आणि ग्रॅफाइटची २.२, वितळलेलं ॲल्युमिनियम मधोमध, त्यामुळे कारण कळतं. पण ढवळण्याचा वेग वाढवला की हवा शिरते, छिद्रं पडतात. धातू अर्धवट घट्ट असताना, ६०० अंशांच्या आसपास, ढवळून कुणी पाहिलंय का? शिवाय ईएन ८ पोलादाच्या शाफ्टवर चरे उठताहेत. कार्बाइड किती मायक्रॉनचं घ्यावं? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा, दोन महिने यावरच अडलोय.