आंबेडकर–लोहिया पत्रव्यवहार: कोकणात रुजला असता असा पक्ष, की नुसती तारखांची देवाणघेवाण?

दापोलीकर

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. राममनोहर लोहिया यांच्यातील १९५५-५६ ची पत्रे पुन्हा वाचली. पत्रे मोजकी आणि छोटी आहेत. लोहियांनी १० डिसेंबर १९५५ रोजी हैदराबादहून लिहिताना आपल्या ‘मॅनकाइंड’ या नियतकालिकासाठी लेख मागितला आणि बाबासाहेबांनी केवळ दलितांचे नव्हे, तर साऱ्या भारतीय जनतेचे नेते व्हावे, अशी इच्छा व्यक्त केली. पुढे लोहियांचे दोन सहकारी दिल्लीत बाबासाहेबांना भेटले. त्यानंतर २४ सप्टेंबर १९५६ च्या पत्रात बाबासाहेबांनी कळवले की, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या आपल्या पक्षाच्या कार्यकारिणीची बैठक ३० सप्टेंबरला आहे, तीत लोहियांच्या त्या सहकाऱ्यांचा एकत्र येण्याचा प्रस्ताव मांडतो आणि मग २ ऑक्टोबरला आपण भेटावे. ती भेट झाली नाही आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले.

हा निव्वळ शिष्टाचार होता असे म्हणणाऱ्यांनी या पत्रातला क्रम पाहावा. आधी कार्यकारिणी, मग भेट. ज्याला चहापुरते भेटायचे असते तो माणूस आपल्या संघटनेची बैठक मध्ये आणत नाही. शिवाय सर्व जातींतल्या कष्टकऱ्यांचा पक्ष ही कल्पना बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढून प्रत्यक्ष राबवली होती, आणि तिची खरी परीक्षा आपल्या कोकणात झाली. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती, म्हणजे खोताने कुळांकडून सारा वसूल करण्याची पद्धत, नष्ट करण्याचे विधेयक मांडले, तेव्हा त्यामागे महार कुळांबरोबर कुणबी कुळेही उभी होती. आमच्या घरी पणजोबांना खोताकडून भाताची पावती कधीच मिळत नसे, म्हणून ते घातलेल्या मणांच्या रेघा कोळशाने माजघराच्या दारामागे ओढून ठेवत. अशा घरांतून त्या पक्षाला पाठिंबा होता. दोघांना आणखी वर्षभर मिळाले असते, तर कोकणात दोघांच्या एकत्र पक्षाला जमीन तयार होती, असे माझे मत आहे.

अलिबागचा वाचक

दापोलीकर, पणजोबांच्या रेघा मनाला भिडल्या, पण निष्कर्ष पटला नाही. आपण पत्रात जे आहे त्यापेक्षा जे असावेसे वाटते तेच अधिक वाचत आहात. लोहियांनी ते पहिले पत्र लिहिले तेव्हा त्यांचा स्वतःचा पक्षही स्थापन व्हायचा होता. प्रजा समाजवादी पक्षातून बाहेर पडल्यावर त्यांनी सोशलिस्ट पक्ष काढला तो त्याच डिसेंबरच्या अखेरीस, हैदराबादलाच. कोकणातला समाजवादी मात्र प्रजा समाजवादीच राहिला. १९५७ साली राजापुरातून नाथ पै निवडून आले ते त्याच पक्षाचे. म्हणजे पत्र लिहिणाऱ्याचे इथे कोणीच नव्हते, आणि ज्यांचे होते ते पत्रात नव्हते. मग जमीन तयार होती ती कोणासाठी?

दुसरे असे की, कोकणातला पक्ष पत्रांनी बांधला गेलेला नाही. आमच्याकडे चरी गावच्या कुळांनी १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन कसायचे सोडले आणि सहा वर्षे ती पडीक ठेवली. रानातली लाकडे विकून त्या माणसांनी दिवस काढले. बाबासाहेब १९३४ मध्ये चरीला आले ते उभ्या असलेल्या लढ्याला बळ द्यायला. लढा त्यांच्या येण्याने सुरू झाला नव्हता. आणि स्वातंत्र्यानंतर ही माणसे गेली कुठे? शेतकरी कामगार पक्षात. खोतीही अखेर गेली ती १९४९ च्या काँग्रेस सरकारच्या कायद्याने. दोन थोर पुरुषांची दिल्ली-हैदराबादची चार पत्रे या हिशेबात कुठे बसवायची, ते मला समजत नाही.

महाडची वाचक

आपण दोघेही कुळांविषयी असे बोलत आहात, जणू सगळी कुळे एकाच पंगतीला बसत होती. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर ज्यांनी दलितांना लाठ्या मारल्या, ते सगळे खोत नव्हते. खोताच्या विरोधात एकत्र येणारा माणूस पाणवठ्यावर एकत्र येईलच, असे तेव्हा नव्हते आणि पुढेही बरीच वर्षे झाले नाही. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखे सवर्ण त्या लढ्यात मनापासून होते, हे आम्ही महाडकर विसरत नाही. पण ते अपवाद होते म्हणून तर लक्षात राहिले.

म्हणून मला लोहियांच्या पहिल्या पत्रातली ती सदिच्छाच खटकते. साऱ्या देशाचे नेते व्हा, हे बाबासाहेबांना सांगायची गरज काय होती? घटना लिहिणारा, खोतीविरुद्ध विधेयक आणणारा, गिरणी कामगारांच्या संपात उतरणारा माणूस आणखी कोणत्या अर्थाने सर्वांचा व्हायचा राहिला होता? सर्वांनी त्यांना आपला मानायचे राहिले होते. ते पत्र आपल्या सवर्ण कार्यकर्त्यांना उद्देशून लिहिले असते तर अधिक उपयोगी पडले असते.

दापोलीकर

ताई, आपला आक्षेप मला मान्य आहे आणि तो लोहियांवर बसतोही. तरी त्याच पत्रव्यवहारातली बाबासाहेबांची बाजू आपण वगळू नये. १९४२ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष बाजूला ठेवून फेडरेशन काढले, कारण ब्रिटिश सरकारचे दूत क्रिप्स आले तेव्हा सत्तांतराच्या वाटाघाटी जमातींच्या नावाने चालल्या होत्या आणि मजुरांच्या पक्षाला तिथे कोणी विचारत नव्हते. ती निवड परिस्थितीने लादलेली होती. १९५६ मध्ये तेच गृहस्थ फेडरेशन विसर्जित करून व्यापक रिपब्लिकन पक्षाचा विचार करत होते, आणि १४ ऑक्टोबरच्या धर्मांतराच्या धामधुमीत, प्रकृती ढासळलेली असताना, भेटीच्या तारखा कळवत होते. जाहीर सभेत असे बोलणे सोपे असते. कोणी ऐकत नसताना, खासगी पत्रात, हे लिहिले आहे, म्हणून मी त्याला वजन देतो.

अलिबागकरांनी लोहियांचे त्यांचे समाजवादी सहकारी मधू लिमये यांना १ जुलै १९५७ रोजी लिहिलेले पत्रही विचारात घ्यावे. बाबासाहेबांच्या मृत्यूचे दुःख आपल्याला काहीसे व्यक्तिगत आहे आणि त्यांना आपल्याकडे आणण्याचा क्षण जवळ आला असे वाटत होते, असे त्यांनी त्यात म्हटले आहे.

अलिबागचा वाचक

१९४२ चा मुद्दा मान्य. फेडरेशन ही लादलेली निवड होती हे मी ध्यानात घेतले नव्हते. पण लिमयेंना लिहिलेले पत्र मृत्यूनंतर सात महिन्यांचे आहे, आणि मागे राहिलेल्या माणसाला हुकलेली गाठ नेहमीच जवळ आलेली वाटते. त्यातला ‘आपल्याकडे’ हा शब्दही पाहा. लोहियांना बाबासाहेब आपल्या पक्षात हवे होते, तर बाबासाहेब नवा पक्ष काढायला निघाले होते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि २ ऑक्टोबरला भेट झाली असती तर पहिल्या तासाभरातच हा फरक पुढे आला असता.

महाडची वाचक

तो पुढे आला असता तर बरेच झाले असते. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झाला तेव्हा हे विचारायला बाबासाहेब नव्हते. आमच्या तालुक्यात त्या पक्षाचे काम पुढे ज्यांनी केले त्यांच्यात एकही कुणबी घर मला आठवत नाही. दापोलीकर, आपल्या गावात होते का?