मदत हवी आहे: वर्गसमीकरणाचं दुसरं उत्तर आकृतीत कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितेय. भाची दहावीत आहे. शाळेत हिंदीतून ‘द्विघात समीकरण’ शिकते आणि ते सोडवायचं श्रीधराचार्यांचं सूत्र तिला घडाघडा पाठ आहे. पण परवा तिने विचारलं, “मावशी, हे आलं कुठून?” मला तो प्रश्न फार आवडला.

मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून बसलो. नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने सोडवलेलं उदाहरण घेतलं: क्ष² + १०क्ष = ३९. क्ष बाजूचा चौरस, त्याच्या दोन बाजूंना ५ रुंदीच्या पट्ट्या. कोपऱ्यात ५ × ५ ची जागा रिकामी राहिली. तिथे २५ चा तुकडा बसवला, एकूण ६४ झाले, म्हणजे मोठ्या चौरसाची बाजू ८ आणि क्ष = ३. तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू! ‘पूर्ण वर्ग करणे’ म्हणजे खरोखर कोपरा भरणं, हे मलाही त्या दिवशीच दिसलं.

अडलंय ते पुढे. क्ष² − १०क्ष + २१ = ० घेतलं. उत्तरं ७ आणि ३. बाजू ७ असेल तर ५ च्या पट्ट्या कापता येतात, (क्ष − ५)² = ४ दिसतं. पण बाजू ३ असेल तर त्यातून ५ ची पट्टी कापायची कशी? आणि पहिल्या उदाहरणाचं दुसरं उत्तर, −१३, पुठ्ठ्यावर कुठे शोधायचं?

दोन्ही उत्तरं एकाच आकृतीत दाखवायची युक्ती कुणाला माहीत आहे का? आलेख नको, कात्री-पुठ्ठ्याने जमेल असं सांगा. रविवारी ती पुन्हा येणार आहे.