तीन हजारांत लॅपटॉपचा आवाज सुधारायचा असेल तर डॅक घेऊ नका

खर्जवाला

मावसभावाचा फोन आला. "दादा, लॅपटॉपवर गाणी ऐकायला मजा येत नाही. तीन हजारांत कुठला डॅक घेऊ?" (डॅक म्हणजे आकड्यांचा आवाज करणारं, बाहेरून लावायचं छोटं यंत्र.) म्हटलं, कुठलाच नको. तो रुसला. त्याची समजूत काढण्यापेक्षा इथे भांडण काढलेलं बरं, म्हणून हा धागा.

लॅपटॉपच्या जॅकमागे जी साउंड चिप असते (बहुतेकांत रियलटेकची), तिचं काम आकड्यांचा आवाज करायचं. ते ती बऱ्यापैकी करते. १६ बिटांच्या सीडीला सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठा असा साधारण ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. पंखा फिरतोय, खाली रिक्षा चालू आहे, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची आहे, अशा खोलीत त्यातला निम्माही कानापर्यंत पोचत नाही. मग मजा जाते कुठे? कानातल्यात. (सोन्याच्या नव्हे.) माझ्या जुन्या, फोनसोबत फुकट आलेल्या इयरफोनमध्ये डग्गा म्हणजे उलटी बादली आणि तानपुऱ्याची जवारी म्हणजे डब्यात अडकलेली माशी. अशा इयरफोनला कितीही भारी डॅक लावा, बादलीचा डग्गा होत नाही.

म्हणून माझा सल्ला: दीड-दोन हजारांचे वायरचे इन-इयर (कानाच्या आत बसणारे इयरफोन) घ्या, मूनड्रॉप चू किंवा सेव्हन हर्ट्झ झिरो यांच्या पंगतीतले. बाकी काम फुकटात होतं. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये 'ऑडिओ एन्हान्समेंट'खाली बास बूस्ट वगैरे असेल ते बंद करा, पण तो मुख्य खटका बंद नको, त्याने पुढे सांगतोय तो इक्वलायझर चालत नाही. लॅपटॉप कंपनीने आधीच भरून ठेवलेलं 'सिनेमा', 'कॉन्सर्ट' वगैरे प्रकारांचं सॉफ्टवेअरही बंद. ते लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरांसाठी ठीक, हेडफोनमध्ये त्याने आवाज न्हाणीघरातून आल्यासारखा होतो. मग इक्वलायझर एपीओ (खर्जापासून तारेपर्यंतचा आवाज पट्टी-पट्टीने चढवणारं-उतरवणारं फुकट सॉफ्टवेअर) उतरवून घ्या, आणि ऑटोईक्यूवर (हेडफोनच्या मोजमापांवरून अशा सेटिंग बनवून ठेवलेल्या असतात तिथे) तुमच्या मॉडेलची तयार सेटिंग मिळते ती त्यात भरा. तिची पहिली ओळ प्रीअँपची असते, उणे ६ डीबी (डेसिबल) वगैरे. ती उडवू नका. एखादी पट्टी ६ डीबीने चढवली आणि एकूण पातळी तेवढी उतरवली नाही, तर ऐन समेवर आवाज फाटतो.

डॅकचं नाव काढायचं ते या सगळ्यानंतर.

ओहम_शांती

अर्धवट सहमत, म्हणजे असहमत.

तुम्ही धरून चाललात की सगळे इन-इयरच वापरतात. माझ्याकडे मामाने दिलेला मोठा हेडफोन आहे. खोक्यावर लिहिलंय: २५० ओहम (विजेला अडथळा), ९६ डीबी प्रति मिलिवॅट (एक मिलिवॅट शक्तीला किती आवाज). लॅपटॉपचा जॅक फार तर १ व्होल्ट देतो असं धरू. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, म्हणजे ४ मिलिवॅट. चौपट शक्ती म्हणजे ६ डीबी वाढ, आवाज १०२ डीबी. ऐकायला पुष्कळ वाटतं ना? पण ही झाली शिखराची उंची. ख्यालाच्या रेकॉर्डिंगमध्ये शिखर आणि सरासरी यांच्यात १५ ते २० डीबींचं अंतर सहज असतं. आले आपण ८५ च्या आसपास. आता तुमच्या ऑटोईक्यूचे उणे ६ वजा करा. आणि जॅक १ ऐवजी अर्धाच व्होल्ट देणारा निघाला तर आणखी ६ गेले. उरले सत्तर-बहात्तर, वर तुमचा तो पंखा. विलंबित आलापी चालू असताना मी आवाजाची पट्टी शंभरावर नेऊन बसतो आणि तरी कान पुढे करतो.

म्हणजे तुमचाच फुकटचा उपाय माझ्या जॅकला अपुरा पाडतो. माझा पहिला खर्च अँपवरच (आवाजाला जोर देणाऱ्या यंत्रावर) व्हायला हवा.

खर्जवाला

हिशोब बिनचूक आहे, मान्य. पण काका, प्रश्न विचारणाऱ्याला मामाने हेडफोन दिलेला नाही. तीन हजारांत नवीन काही घेणारा ३२ ओहमच्या आसपासचं काहीतरी घेईल. त्याच १ व्होल्टवर तिथे ३१ मिलिवॅट मिळतात. ११० डीबी प्रति मिलिवॅटवाल्या इन-इयरमध्ये तेवढ्याने कानाचे पडदे फाटतील. जागतिक आरोग्य संघटना ८० डीबीला आठवड्याचे ४० तास एवढीच मुभा देते.

मंद्रसप्तक

माझा अनुभव तुमच्या धाग्याच्या नेमका उलटा आहे, म्हणून मुद्दाम लॉगिन केलं.

इयरफोन चांगले आहेत. एन्हान्समेंट केव्हाच बंद केलंय. तरीही चार्जर लावला की मागे बारीक सूंऽऽ. माउस फिरवला की तिचा सूर बदलतो. ब्राउझरमध्ये पान वर-खाली केलं की किर्र. रागाच्या सुरुवातीला नुसता तानपुरा लागलेला असतो, तेव्हा आपल्याला पाचवी तार ऐकू येते, जी कुणी लावलेलीच नाही! आणि हे तुम्ही सांगता तसले संवेदनशील इन-इयर घेतल्यावरच जास्त कळलं. जुन्या बादलीत काही ऐकू येत नव्हतं, हे तिचं सुख.

हजारेक रुपयांचा ॲपलचा यूएसबी-सी ते हेडफोन डोंगल घेतला. चिमणीच्या पिसाएवढा आहे, पण आत डॅक आणि अँप दोन्ही. सूं बंद. तेव्हा 'डॅक घेऊ नका' हे विधान मागे घ्या.

खर्जवाला

ताई, सूं गेली हे खरंच असेल. पण 'आवाज सुधारला' आणि 'खरखर गेली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या मदरबोर्डवर प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात, त्याचा काही अंश ऑडिओच्या वाटेवर सांडतो. हा बोर्डाच्या आखणीतला दोष, चिपच्या कुवतीतला नाही. सगळ्या लॅपटॉपमध्ये तो नसतो, माझ्यात नाही.

शिवाय डोंगल लावताना आवाज तितकाच ठेवला होता का? एका डीबीने जरी जास्त वाजत असेल तरी कान त्याला 'जास्त मोकळा', 'जास्त गोड' म्हणतो. आवाज समान करा, डोळे झाका, कुणाला तरी प्लग बदलायला सांगा, आणि दहापैकी किती वेळा ओळखता ते इथे लिहा. आठच्या वर ओळखलंत तर धाग्याचं शीर्षक संपादकांकडून बदलून घेतो.

दुपारची_झोप

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

अवांतर: मी दोन महिने समजत होतो की माझा लॅपटॉप बिघडला. भावगीत लावलं की पेटी, बासरी, तबला सगळं झकास, गायिका मात्र विहिरीत. नवे ड्रायव्हर टाकून झाले, विंडोज पुन्हा टाकून झालं. शेवटी कळलं की प्लग पूर्ण आत जातच नव्हता, जॅकमध्ये खिशातला कापूस अडकला होता. दोन्ही कानांची सामाईक अर्थची तार सुटली की डाव्या-उजव्यातला फरक तेवढा ऐकू येतो, आणि गाणारा माणूस दोन्हीकडे सारखा असल्यामुळे वजा होतो. लाकडी टूथपिकने हळूच बोळा काढला (लॅपटॉप बंद करून). खर्च शून्य. डॅकही नाही, इयरफोनही नाही.

जुनी_तबकडी

इक्वलायझर वापरणाऱ्यांना एकच विचारतो. ध्वनिमुद्रकाने आठ-आठ तास बसून जे तोललं, ते तुम्ही घरी बसून चढवणार-उतरवणार? मग दिवाणखान्यातल्या चित्रालाही आपापला रंग देत चला. माझं मत: स्वच्छ स्रोत, सरळ तार, मधे कुणी नको. पैसे स्रोतावर खर्च करा.

ओहम_शांती

तबकडीराव, इथे मात्र मी खर्जवाल्यांच्या बाजूने. प्रत्येक हेडफोन मूळ तोल बिघडवूनच कानात घालतो. कुठे ३ किलोहर्ट्झला टेकाड, कुठे खर्ज फुगलेला. इक्वलायझर ते टेकाड खणून काढतो. चित्राला रंग नाही देत, समोरची रंगीत काच काढतो.

जुनी_तबकडी

आणि ती काच नेमकी कुठल्या रंगाची हे ठरवणारा आलेख कुणाच्या तरी यंत्रात बसवलेल्या रबरी कानावर काढलेला. माझा कान रबरी नाही.

खर्जवाला

हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. ८-१० किलोहर्ट्झच्या वर प्रत्येकाच्या कानाचा घाट वेगळा, इन-इयर किती आत बसतो तेही वेगळं. मी स्वतः ऑटोईक्यूच्या सेटिंगमधल्या वरच्या पट्ट्या काढून टाकतो, खालचं तेवढं ठेवतो.

'स्रोतावर खर्च' हे मात्र पटत नाही, निदान तुमच्या आवडीच्या संगीतासाठी तरी. १९२५ च्या आधीच्या तबकड्या भोंग्यासमोर गाऊन मुद्रित झाल्या. त्यांत ५ किलोहर्ट्झच्या वर जवळपास काही नाहीच. नाट्यपदाच्या जुन्या ७८ आरपीएमला हजाराचा डोंगल आणि लाखाचा डॅक सारखेच. तिथे उलट इक्वलायझर हवा, वरची सुरसुर कापायला.

चाळीतला_रेडिओ

मोठ्यांची चर्चा चालू आहे, तरी किरकोळ माल विकणाऱ्याचे दोन शब्द.

एक, ब्लूटूथवाल्यांनो, ऑनलाइन मीटिंग सुरू झाली की गाणं अचानक ट्रंककॉलसारखं का होतं? तुमच्याच हेडसेटचा माइक चालू झाल्यामुळे. ब्लूटूथ तेव्हा फोनच्या प्रोफाइलवर जातं, स्टिरिओ संपतं. सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा, गाणं परत येतं. यासाठी नवे हेडफोन घेतलेले लोक मी पाहिलेत.

दोन, पुण्याच्या तपकीर गल्लीतून दोनशेचा यूएसबी-सी डोंगल आणलेल्यांनो, तो लॅपटॉपवर मुका का? त्यात चिपच नाही, नुसत्या तारा आहेत. काही मोबाइल सी-पोर्टमधून थेट आवाज देतात, त्यांच्यासाठी तो. लॅपटॉपला चिपवालाच लागतो. मंद्रसप्तक ताईंचा डोंगल लॅपटॉपवर उत्तम आहे, मात्र अँड्रॉइड फोनवर बऱ्याचदा हळू वाजतो. एकच डोंगल दोन्हीकडे वापरू म्हणाल तर पस्तावाल.

तीन, मोफत स्पॉटिफाय ब्राउझरमध्ये १२८ केबीपीएसने, म्हणजे बरंच दाबून लहान केलेल्या आवाजात, चालतं. आधी ते बघा.

दुपारची_झोप

चाळीतला_रेडिओ, पहिल्या मुद्द्याला +१. वाखुसा (वाचनखूण साठवली).

मंद्रसप्तक

आव्हान घेतलं होतं, केलं. उशीर झाला कारण मल्टिमीटर शोधावा लागला. घरातल्या मल्टिमीटरचा एसी स्केल २०० व्होल्टपासून सुरू, त्यावर हेडफोनचा आवाज मोजणं म्हणजे ट्रकच्या काट्यावर वेलची. दिराच्या कारखान्यातून चांगला आणला. १०० हर्ट्झचा सूर लावून दोन्हीकडचे व्होल्ट सारखे केले. प्लग बदलायला लेक, दर दहा फेऱ्यांना एक आइस्क्रीम.

चार्जर काढून, भरगच्च वाद्यवृंदाचं गाणं: दहापैकी सहा. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. मला खात्रीने वाटत होतं की डोंगलवर तबल्याची किनार जास्त स्वच्छ आहे. ज्या दोनदा मी ते छातीठोकपणे सांगितलं, त्या दोन्ही वेळा लॅपटॉपचाच जॅक होता. लेक हसून लोळली.

चार्जर लावून, आलापाआधीचा तानपुरा: दहापैकी दहा. लेकीने प्लग पुरता खुपसायच्या आत मी सांगत होते.

ओहम_शांती

माझ्या हेडफोनवर करून बघितलं नाहीत ते राहिलंच.

मंद्रसप्तक

काका, मामा द्या, करते.

खर्जवाला

दहापैकी दहा. शब्द पाळतो. संपादक, शीर्षक असं करा: 'तीन हजारांत लॅपटॉपचा आवाज सुधारायचा तर आधी चार्जर काढून ऐका'. काढल्यावर सूं गेली तर डोंगल घ्या, हजार रुपये, उरलेल्या दोन हजारांत इयरफोन. सूं मुळात नव्हतीच, तर डोंगलचे हजारही इयरफोनमध्ये घाला. २५० ओहमवाल्यांनी अँपसाठी मामाकडेच बघावं.

मावसभावाला फोन केला. त्याने काल रात्री सेलमध्ये तीन हजारांचा डॅक मागवला. इयरफोन जुनेच आहेत.