सोडपत्रावरची सही: गोव्यातला समान हक्क बहिणींच्या हातात का येत नाही?

वाळवंटीकाठची (धागा सुरू करणारी)

गेल्या महिन्यात थोरल्या मावशीला घेऊन रजिस्ट्रार कचेरीत गेले होते. आजोबांच्या नावावरचं घर, मागचं पोरसू (परसबाग) आणि माडांचं भाट (बागायत). दोन मामा, तीन मावश्या. सोडपत्र, म्हणजे वारशातला आपला वाटा सोडल्याचा दस्त, आधीच तयार होतं, इंग्रजीत, सात पानं. "वाचलंय ना? मान्य आहे ना?" असं विचारलं गेलं, मावशीने मान हलवली. प्रत्येक पानावर सही, मग अंगठ्याचा ठसा, मग काकांची, म्हणजे मावशीच्या नवऱ्याची, सही. बाहेर पायरीवर बसून चप्पल घालताना तिने मला विचारलं, "चवथीला येऊन घरात राहता येईल, असं लिहिलंय ना गो त्यात?"

नव्हतं लिहिलेलं.

तेव्हापासून डोक्यात एकच विषय आहे. समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की सगळ्यांची बोटं गोव्याकडे वळतात, आणि आपणही मान ताठ करून सांगतो: आमच्याकडे मुलगा-मुलगी समान वारस, बायकोचा अर्धा हिस्सा लग्नापासूनच. हे खरंच आहे. बापाने मृत्युपत्र केलं तरी तो स्वतःच्या हिश्श्यातला अर्धाच भाग मनाप्रमाणे देऊ शकतो; उरलेला अर्धा मुलांचा, त्याला हात लावता येत नाही.

पण कायद्यात हक्क असणं वेगळं आणि तो पदरात पडणं वेगळं. मधे एक कार्यवाही असते. आपल्याकडे तिचं नाव इन्व्हेंटरी. माणूस गेला की कुटुंबातला एकजण प्रमुख म्हणून कोर्टात सगळे वारस आणि सगळी मालमत्ता लिहून देतो, किंमत ठरते, वाटे पडतात. ज्याला घरच हवं त्याने बोली लावायची आणि बाकीच्यांचे पैसे द्यायचे. ह्या वाटेने गेलं तर बहिणीला निदान कळतं, आपलं होतं किती. सोडपत्राच्या वाटेने गेलं तर आकडा तिच्यासमोर येतच नाही.

माझी मागणी एवढीच: मालमत्तेची यादी, आजची किंमत आणि सही करणारीचा वाटा किती, हे तिला कळणाऱ्या भाषेत जोडल्याशिवाय एकही सोडपत्र नोंदवलं जाऊ नये.

पेडण्याचा भाऊ

मी त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेला भाऊ आहे, म्हणून लिहितो.

वडील नऊ वर्षं अंथरुणावर होते. दर पावसाआधी कौलं परतली ती मी. बहिणींनी सोडपत्र दिलं ते स्वतःहून, आणि चवथीचं वजं, म्हणजे गणपतीच्या सणाची भेट, आजही त्यांच्या घरी न चुकता पोचतं. ह्या नात्यात तुम्ही किमतीचा तक्ता आणून ठेवणार. भावाने बहिणीला आकडा दाखवायचा आणि वर म्हणायचं, आता सोड. कसं वाटेल ते?

दुसरी बाजूही पाहा. आमचं मूळ घर आज एकवीस जणांच्या नावावर आहे. काही मुंबईत, काही लिस्बनला, दोघांचा पत्ताच नाही. विकायचं तर सगळ्यांच्या सह्या, त्यांच्या नवरा-बायकांच्याही. मधला चौक तीन पावसाळ्यांपूर्वी बसला. सगळ्यांना समान दिलं आणि घर कुणालाच मिळालं नाही. गोव्यातल्या कुठल्याही गावात फिरा, अशी घरं वाटेवर दिसतील.

आणि मुळात हा कायदा, म्हणजे पोर्तुगीज नागरी संहिता, आपला नाहीच. 1867 ला पोर्तुगालात केला, 1870 पासून आपल्यावर लादला. 1961 ला ते गेले तेव्हा त्यांचा कायदाही जायला हवा होता.

फोंड्याचा वकील

आधी शेवटचा मुद्दा, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे.

सरकार बदललं म्हणून कायदे आपोआप मरत नाहीत. मेले असते तर 20 डिसेंबर 1961 च्या सकाळी गोव्यात ना कुणाचं लग्न वैध राहिलं असतं, ना कुणाची मालकी. संसदेने 1962 मध्ये गोवा, दमण व दीवच्या प्रशासनाचा कायदा केला. त्याच्या पाचव्या कलमात म्हटलं, की इथले चालू कायदे सक्षम विधिमंडळ ते बदलेपर्यंत किंवा रद्द करेपर्यंत चालू राहतील. म्हणजे संहिता आज चालते ती लिस्बनच्या हुकमाने नव्हे, दिल्लीच्या संसदेच्या इच्छेने. सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या निकालात हेच सांगितलं: तो आता भारतीय कायदा आहे, आणि गोवेकराची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी वारसा त्याच कायद्याने ठरेल. पोर्तुगालने तर स्वतःसाठी 1967 पासून नवी संहिता लागू केली. त्यांनी टाकलेली आपण सांभाळली, कारण ती आपल्या संसारात मुरली होती.

लग्न आणि वारसा हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत येतात, म्हणजे संसद आणि विधानसभा दोघांनाही कायदा करता येतो. आपल्या विधानसभेने तो केलाही. वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरीचा 2012 चा कायदा 2016 पासून लागू आहे. तेव्हा बदल हवा असेल तर भांडायची जागा पर्वरीच्या विधानसभेत आहे.

आता धागाकर्तीला. रोग तुम्ही बरोबर ओळखलात, औषध अर्धंच पटतं. दस्त वाचून समजावण्याची रीत नोटरीच्या कामात जुनी आहे. ती मनापासून पाळली जाते की मान हलवण्यापुरती, हा खरा प्रश्न. पण सगळ्यांना कोर्टाकडे ढकलू नका. एक वारस परदेशात असला की नोटिसा पोचवण्यातच वर्षं जातात. माझ्याकडे असं प्रकरण आहे ज्यात अर्ज करणारी बाई गेली आणि आता तिच्या वारसांची यादी जोडावी लागली.

मडगावची सून

माहेर कोल्हापूर, लग्न इथे नोंदलं. तिकडे 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क आला. पण नवरा जिवंत असताना त्याच्या मिळकतीतला अर्धा बायकोचा, हे तिकडे कुणी ऐकलेलंसुद्धा नाही. इथे ह्यांना फ्लॅट विकायचा होता तेव्हा माझ्या सहीविना व्यवहार अडला. त्या दिवशी मला ह्या कायद्याचं मोल कळलं. अर्थात संसारासाठी काढलेलं कर्जही दोघांच्या माथी येतं, तेही लक्षात असू द्या.

एक मात्र सांगते. "समान" हा शब्द जपून वापरा. पोर्तुगीजांच्या 1880 च्या हुकूमनाम्यात हिंदू पुरुषाला, बायकोला ठरावीक वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही तर, दुसरं लग्न करायची सूट ठेवली होती. आज कुणी वापरत नसेल, पण बाईला मोजण्याचं ते माप कागदावर उमटलं होतं ना?

सत्तरीकर

तुमच्या चर्चेत घर आहे, भाट आहे, उतारा आहे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या काजू लावलेली जमीन, आणि एक-चौदाच्या (जमिनीच्या सरकारी नोंदीच्या) उताऱ्यावर मालक म्हणून दुसऱ्याचंच नाव. मोकासोची (जुन्या काळी इनाम दिलेली) जमीन, आल्वाराची (पोर्तुगीज सरकारने परवान्यावर लागवडीला दिलेली) जमीन, कुणी मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा). 1975 चा मुंडकार कायदा झाला तरी खटले मामलेदाराकडे पडून आहेत. बहिणीला वाटा द्यायला भाऊ तयार आहे हो, पण भावाच्याच नावावर काही नाही. ह्या बाबतीत आमची मुलगी आणि मुलगा खरोखर समान आहेत. एवढं नोंदवून ठेवा.

पेडण्याचा भाऊ

वकिलांचं पटलं, 1962 चं मला ठाऊक नव्हतं. हा कायदा आपला नाही, हे वाक्य मी मागे घेतो.

पण बोलीचं उत्तर मला कुणीच देत नाही. घर हवं तर बोली लाव, बाकीच्यांना पैसे दे. कुठून देऊ? आमच्या वाड्यात बाहेरची माणसं येऊन जुनं घर बघतात आणि जो भाव सांगतात तो ऐकून माझी छाती दडपते. मी सरकारी शाळेतून निवृत्त झालोय. त्या भावाने तीन बहिणींचे पैसे द्यायचे तर घरच विकावं लागेल. मग बाहेरचा येईल आणि बहिणींचं माहेर, बायकोचं सासर, सगळंच कुंपणाआड जाईल. तुमचा किमतीचा तक्ता घर वाचवत नाही, विकायला लावतो.

वाळवंटीकाठची

दादा, तुमचा हा मुद्दा इथला सगळ्यात खरा आहे, आणि मी तो झटकणार नाही. भावाला परवडत नाही म्हणून घर परक्याच्या हाती जावं, असं मलाही वाटत नाही.

पण जो भाव ऐकून तुमची छाती दडपते, तेवढ्याच भावाचं दान तुमच्या बहिणींनी सही करून दिलं. तो आकडा तुम्हाला माहीत आहे, त्यांना नाही. द्यायचं असेल तर त्या देतीलच. माझी मावशीही दिलंच असतं म्हणते. आपण काय दिलं हे तरी तिला कळायला नको? शिवाय सगळं किंवा काहीच नाही, असंच का असावं? वर्षाला थोडे थोडे पैसे, पोरसातला एक तुकडा, नाहीतर एका खोलीत राहायचा हक्क.

फोंड्याचा वकील

शेवटचं लगेच करता येतं. मालकी भावाला देऊन बहिणीसाठी आयुष्यभर राहण्याचा हक्क त्याच दस्तात लिहिता येतो. दोन ओळी वाढतात. माझ्याकडे येणाऱ्या दहा कुटुंबांना मी हे सुचवतो, नऊ जण म्हणतात, "गरज नाही हो, घर तिचंच आहे." मी सांगतो, तिचंच आहे तर लिहू या.

आणखी दोन गोष्टी, कारण वाचणाऱ्यांत बहिणी असतील. आईवडील जिवंत असताना "मी पुढे वाटा मागणार नाही" असं लिहून घेतलं असेल तर ते टिकत नाही; जिवंत माणसाचा वारसा सोडता येत नाही. आणि 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. सही करण्याआधी जा. नंतर तो दस्त मोडायला फसवणूक किंवा जबरदस्ती असं काहीतरी सिद्ध करावं लागतं, आणि सख्ख्या भावावर तो आरोप करायला कुठलीच बहीण धजत नाही.

पेडण्याचा भाऊ

राहण्याच्या हक्काचं आमच्या दस्तात नाही. खरं सांगतो, माझ्या मनातही आलं नाही. बहिणींनी मागितलं असतं तर लगेच लिहिलं असतं.

वाळवंटीकाठची

माझ्या मावशीनेही आत मागितलं नव्हतं, दादा. बाहेर येऊन पायरीवर विचारलं होतं.