‘व्हिडिओ जोडलाय’ म्हणजे नेमकं काय केलंय? टाकणे, घालणे, जोडणे, बसवणे

प्रश्न

स्लाइडमध्ये आवाज किंवा व्हिडिओ आणायचा असला की आपण टाकणे, घालणे, जोडणे, लावणे ही क्रियापदं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. “व्हिडिओ टाकलास का?” “हो, जोडलाय.” बोलताना कुणाचं काही अडत नाही. माझं मात्र भर सभेत अडलं.

सहकाऱ्याचा निरोप होता, “सहाव्या स्लाइडला व्हिडिओ जोडलाय, पीपीटी पेन ड्राइव्हवर घेऊन जा.” मी तेवढी एक फाइल घेऊन गेले. सहावी स्लाइड आली, व्हिडिओचं पहिलं चित्र पडद्यावर दिसलं, मी त्यावर क्लिक केलं आणि ते चित्र तसंच राहिलं. चाळीस माणसं पडद्याकडे बघत होती. मला आधी वाटलं, स्पीकरची वायर निघाली असेल. खरा प्रकार असा, की तो व्हिडिओ सहकाऱ्याच्या संगणकावरच राहिला होता. त्यानं मला चुकीचं सांगितलं नव्हतं. व्हिडिओ त्यानं खरोखर ‘जोडला’च होता.

पॉवरपॉइंटमध्ये व्हिडिओची फाइल निवडताना ‘इन्सर्ट’ बटणाला लागून एक छोटा बाण असतो. तो दाबला की दोन वाटा दिसतात. एक नुसतं ‘इन्सर्ट’, दुसरी ‘लिंक टु फाइल’. पहिलीत व्हिडिओची प्रत सादरीकरणाच्या फाइलच्या पोटात येऊन राहते. दुसरीत पोटात येतो तो फक्त पत्ता, म्हणजे अमुक ड्राइव्हवर, तमुक फोल्डरमध्ये, या नावानं. व्हिडिओ आपल्या जागेवरून हलत नाही. हा फरक सांगायला मराठीत दोन वेगळी क्रियापदं रूढ झाली तर कितीतरी फजित्या टळतील.

मला सुचलेलं असं : प्रत आत येते तिथे ‘बसवणे’, पत्ता येतो तिथे ‘जोडणे’. अंगठीत खडा बसवला की अंगठी जाईल तिथे खडा जातो. आगगाडीला डबा जोडतात, तो सुटूही शकतो. ‘जोड’ या शब्दातच दोन वस्तू दोनच राहिल्याची खूण आहे. ‘टाकणे’ मात्र या कामातून काढावं असं माझं ठाम मत आहे. पत्र पेटीत टाकतात, कचरा टाकतात. टाकलेल्या वस्तूचं पुढे काय झालं याची जबाबदारी टाकणाऱ्यावर राहत नाही, आणि इथे नेमकी तीच जबाबदारी हवी आहे.

तुम्हाला काय वाटतं?

—

प्रतिसाद

हा गोंधळ केवळ भाषेचा नाही, त्यामागे थोडा इतिहासही आहे. पॉवरपॉइंट १९८७ मध्ये आले, तेव्हा व्हिडिओचा प्रश्नच नव्हता. पुढे व्हिडिओची सोय झाली, पण कित्येक वर्षे तो फाइलच्या आत राहतच नसे. २००७ च्या आवृत्तीपर्यंत व्हिडिओ कायम बाहेर, आत फक्त पत्ता. आवाजाचेही तेच. केवळ ‘वेव्ह’ प्रकारची छोटी ध्वनिफाइल आत राही, आणि तिची मर्यादा आपण वाढवली नाही तर १०० किलोबाइट इतकीच असे. एमपीथ्री असेल तर ती बाहेरच. २०१० च्या आवृत्तीपासून उलटे झाले. आपण काहीही वेगळे निवडले नाही तर व्हिडिओ आत येतो.

म्हणजे जुन्या काळी ‘व्हिडिओ जोडला’ हे वाक्य शंभर टक्के अचूक होते. त्या काळात काम केलेली माणसे सादरीकरण आणि व्हिडिओ आधी एका फोल्डरमध्ये ठेवत, मग व्हिडिओ जोडत आणि नेताना अख्खे फोल्डर नेत. तसे केले तर जोड टिकत असे. आजही टिकतो. काम बदलले, शब्द मात्र जुन्या कामाचा राहिला. तुमच्या सहकाऱ्याने बहुधा जुनी सवय म्हणून ‘लिंक टु फाइल’ निवडले असावे. त्याचा एक फायदाही आहे : सादरीकरणाची फाइल हलकी राहते.

‘बसवणे’ मला पटले.

—

प्रतिसाद

इतकी उस्तवार कशाला? सरळ ‘एम्बेड केला’ आणि ‘लिंक केला’ म्हणावं. दोन्ही शब्द सगळ्यांना कळतात.

—

मूळ प्रश्नकर्ती

‘लिंक’ला माझी हरकत नाही, तो मराठीच झाला आहे. अडचण ‘एम्बेड’ची आहे, कारण तो शब्द स्वतःच दोन अर्थांनी फिरतो. पॉवरपॉइंटमध्ये एम्बेड म्हणजे प्रत आत. पण एखाद्या संकेतस्थळावर यूट्यूबचा व्हिडिओ ‘एम्बेड’ करतो तेव्हा आत काहीच येत नाही. व्हिडिओ यूट्यूबवरच असतो, आपल्या पानाला फक्त एक चौकट पडते आणि तिच्यातून तो दिसतो. गुगल स्लाइड्समध्येही तसंच. तिथे व्हिडिओ यूट्यूबवरून किंवा ड्राइव्हवरून घेता येतो, आवाज ड्राइव्हवरून. इंटरनेट गेलं की चौकट मुकी. ड्राइव्हवरच्या फाइलची परवानगी दुसऱ्याला दिलेली नसेल, तर इंटरनेट असूनही मुकी.

म्हणजे प्रकार दोन नाहीत, तीन आहेत. या तिसऱ्यासाठी मी हल्ली ‘झरोका’ म्हणते : “चौथ्या स्लाइडवर यूट्यूबचा झरोका आहे.” ऐकणारा लगेच विचारतो, “म्हणजे तिथे नेट लागेल?” हा प्रश्न ‘एम्बेड केलाय’ ऐकून मला आजवर कुणी विचारला नव्हता.

—

प्रतिसाद

‘बसवणे’ला एक अडचण आहे. सॉफ्टवेअरही आपण संगणकात ‘बसवतो’, नाटक बसवतो, यंत्र बसवतो. विद्यार्थ्यांना “व्हिडिओ बसवा” म्हटलं तर काहींना वाटेल की व्हिडिओ चालवणारं काहीतरी इन्स्टॉल करायचं आहे. ‘आत बसवा’ असं सरळ म्हणावं, ‘आत’नं शंका मिटते. विशेषण हवं असेल तर ‘सामावलेला’ छान आहे. “व्हिडिओ फाइलमध्ये सामावलेला आहे.” ‘अंतःस्थापित’ छापील पुस्तकात शोभेल, पण फोनवर घाईत कुणी “अंतःस्थापित केलास का रे?” असं विचारणार नाही.

आत आहे की नाही हे डोळ्यांनी बघायचा एक मार्ग मी वर्गात दाखवते. २००७ पासूनची पीपीटीएक्स फाइल म्हणजे मुळात झिप केलेलं गाठोडं असतं. सादरीकरणाची एक प्रत काढायची (मूळ फाइलला हात लावायचा नाही), तिच्या नावातलं शेवटचं ‘पीपीटीएक्स’ खोडून ‘झिप’ लिहायचं आणि ती उघडायची. आत ‘पीपीटी’ नावाचं फोल्डर, त्यात ‘मीडिया’ नावाचं फोल्डर. आपला व्हिडिओ आत बसला असेल तर तिथे ‘मीडिया१’ अशा काहीतरी नावानं दिसतो. आपण दिलेलं नाव गेलेलं असतं, पण डबल क्लिक केलं की आपलाच व्हिडिओ सुरू होतो. एकदा हे पाहिलेला विद्यार्थी ‘जोडणे’ आणि ‘बसवणे’ यांची गल्लत पुन्हा करत नाही.

आणि ‘मीडिया’चं भाषांतर ‘माध्यम’ करू नये, ही माझी कळकळीची विनंती. “स्लाइडमध्ये माध्यम घाला” या वाक्यातून कुणाला काहीही कळत नाही. माध्यम म्हणजे आपल्याकडे शिक्षणाचं माध्यम किंवा प्रसारमाध्यमं. सरळ ‘आवाज किंवा व्हिडिओ घाला’ म्हणावं.

—

प्रतिसाद

‘प्ले’बद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी कार्यक्रमांच्या ध्वनिव्यवस्थेचं काम करतो, सूचना देणं-घेणं दिवसभर चालू असतं. इंग्रजीत सगळ्याला एकच ‘प्ले’. मराठीत आवाज वाजतो, व्हिडिओ चालतो, गाणं लागतं. “व्हिडिओ वाजत नाहीये” असं कुणी ओरडलं तर मी आधी स्पीकर तपासतो, “चालत नाहीये” म्हटलं तर संगणक. इतकी नेमकी विभागणी आपल्या क्रियापदांत आयती आहे, तर “प्ले होत नाहीये” म्हणून ती का घालवायची? त्या तीन शब्दांतून मला काहीच कळत नाही, आणि माझ्या हातात तेव्हा दहा सेकंद असतात.

दुसरी गोष्ट, ‘क्लिक केल्यावर’. पॉवरपॉइंटमध्ये व्हिडिओ सुरू होण्याच्या तीन तऱ्हा आहेत. एक, स्लाइड येताच आपोआप. दोन, क्लिकच्या क्रमात, म्हणजे पुढे जायला आपण जे क्लिक करतो किंवा रिमोटचं बटण दाबतो, त्यातच व्हिडिओची पाळी येते. तीन, थेट त्या व्हिडिओवर क्लिक केल्यावर. दुसरी आणि तिसरी यांत एका ‘वर’चा फरक आहे, आणि तो ‘वर’ सूचनेतून गळला की घोटाळा ठरलेला. वक्ता हातात रिमोट घेऊन मंचावर उभा. व्हिडिओ तिसऱ्या तऱ्हेवर ठेवलेला. रिमोट दाबला की व्हिडिओ न चालताच पुढची स्लाइड येते. तो मागे येतो, पुन्हा दाबतो, पुन्हा पुढची स्लाइड. लॅपटॉप माझ्याजवळ असेल तर मी माउस नेऊन व्हिडिओवर क्लिक करतो. नसेल तर नुसतं बघत राहायचं. म्हणून मी लेखी सूचनेत ‘पाळी आल्यावर’ आणि ‘त्याच्यावर क्लिक केल्यावर’ असे शब्द वापरतो. ‘पाळी’ शब्द इथे फार कामाचा आहे.

‘प्ले इन बॅकग्राउंड’साठी तर आपल्याकडे ‘पार्श्वसंगीत’ तयारच आहे. ते बटण दाबलं की चार गोष्टी एका दमात होतात : आवाज आपोआप सुरू होतो, स्लाइड बदलल्या तरी चालू राहतो, संपला की पुन्हा पहिल्यापासून वाजतो, आणि स्पीकरचं चिन्ह दाखवताना लपतं. ‘प्लेबॅक’ म्हणजे मात्र ‘पार्श्व’ नव्हे. सिनेमातल्या प्लेबॅकला आपण पार्श्वगायन म्हणतो, पण इथे ‘प्लेबॅक’ म्हणजे वाजवण्या-चालवण्याच्या सेटिंग्ज, बस.

—

प्रतिसाद

‘ट्रिम’ला सगळे ‘छाटणे’ म्हणतात, मीही म्हणत होते. आता बंद केलं. छाटलेली फांदी खाली पडते, झाडाला राहत नाही. पॉवरपॉइंटमध्ये व्हिडिओची सुरुवात किंवा शेवट ट्रिम केला, तर तो भाग दिसेनासा होतो, पण फाइलमध्ये तसाच असतो. खुणा मागे सरकवल्या की परत दिसतो. मीडिया ‘कॉम्प्रेस’ केल्यावरच, म्हणजे व्हिडिओ दाबून फाइल लहान केल्यावरच, तो खरोखर जातो. चित्र ‘क्रॉप’ केलं तरी तेच, कापलेला भाग पुसून टाका असं वेगळं सांगावं लागतं.

हा नुसता शब्दाचा कीस नाही. माझ्या एका सादरीकरणातल्या मुलाखतीच्या व्हिडिओत सुरुवातीला मुलाखत देणारी बाई स्वतःच्या घरच्या अडचणींबद्दल सहज बोलली होती. मी तो भाग ‘छाटला’ आणि सादरीकरण बारा जणांना पाठवून दिलं. ते बोलणं फाइलमध्ये होतं. कुणी उघडून पाहिलं असेल असं वाटत नाही, तरीही मी त्या बारा जणांना फोन करून ती फाइल काढून टाकायला सांगितली आणि दुसरी पाठवली. तेव्हापासून मी ‘दुमडणे’ म्हणते. कापडाची कड आत दुमडून शिवतात, उसवलं की कापड परत मिळतं. “सुरुवातीची वीस सेकंद दुमडली आहेत” म्हटलं की ती अजून आत आहेत हे शब्दच सांगतो. आणि कॉम्प्रेस करून खरंच काढली, की मग ‘छाटली’.

—

प्रतिसाद

चित्रात किंवा व्हिडिओत काय आहे हे सांगणारा जो मजकूर त्याला लिहून देतात, त्या ‘अल्ट टेक्स्ट’साठी ‘पर्यायी मजकूर’ हा शब्द बऱ्याच ठिकाणी वाचला. तो माझ्या मते घातक आहे. ‘पर्यायी’ म्हटलं की आपल्या कानाला ‘दिला तरी चालेल, नाही दिला तरी चालेल’ असं ऐकू येतं. खरं तर ज्याला दिसत नाही, त्याला वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून जे ऐकू येतं ते हेच. हे नसेल तर त्याच्यासाठी ते चित्र किंवा तो व्हिडिओ स्लाइडवर नाहीच. मी स्वतः असंच ऐकून वाचतो, म्हणून आग्रहानं सांगतो : ‘चित्रवर्णन’ म्हणा, व्हिडिओला ‘दृश्यवर्णन’ म्हणा. वर्णन ‘राहून गेलं’ तर खटकतं. पर्यायी मजकूर राहून गेला तर कुणालाच खटकत नाही.

‘चित्रफीत’ आणि ‘ध्वनिफीत’ हे शब्द मात्र मला आवडतात. फीत पोर्तुगीजांकडून आली, टेप गेली तरी शब्द राहिला. राहू द्या.

—

मूळ प्रश्नकर्ती

‘दुमडणे’ आणि ‘पाळी आल्यावर’ मी आजपासून वापरते आहे. दृश्यवर्णनाचा मुद्दा तर माझ्या यादीतच नव्हता, तो आता सगळ्यात वर घेतला. पुढच्या सभेसाठी सहकाऱ्यांना आत्ताच हा निरोप पाठवला :

“दोन्ही व्हिडिओ फाइलच्या आत बसवा, जोडू नका. यूट्यूबचा झरोका नको, तिथे नेटचा भरवसा नाही. व्हिडिओ एमपीफोर असू दे. पहिला पाळी आल्यावर सुरू व्हावा, दुसरा त्याच्यावर क्लिक केल्यावर. दुसऱ्याच्या शेवटची अर्धी मिनिट दुमडलेली आहे ती कॉम्प्रेस करून छाटा, मगच फाइल पाठवा. दोन्हींचं दृश्यवर्णन लिहा. मुखचित्र बदला, आत्ता नुसता काळा चौकोन दिसतोय.”

पाच मिनिटांत उत्तर आलं, बाकी सगळं कळलं, ‘मुखचित्र’ तेवढं कळलं नाही. व्हिडिओ सुरू होण्याआधी जे स्थिर चित्र दिसतं, इंग्रजीत ‘पोस्टर फ्रेम’, त्याला मी पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून मुखचित्र म्हटलं होतं. याहून पटकन कळणारा शब्द कुणाकडे आहे का?