आजोळी न्यायला तीनच पुस्तकं: कोणती घेऊ?

जास्वंद:
१० मेपासून बारा दिवस गुहागरला, आईकडे. मी, अकरा वर्षांचे चिरंजीव आणि दोघांत एक सॅक. प्रवास एसटीनं, कुंभार्ली घाट उतरून. सॅकेत तीन पुस्तकं मावतील, जास्त नाही.

मागच्या वर्षीची फजिती आधी सांगते. सहाशे पानांची ऐतिहासिक कादंबरी नेली होती, "या सुट्टीत संपवायचीच" म्हणून. तिच्या ३८व्या पानावर अजून एसटीचं तिकीट आहे. दुपारी पडवीत जरा आडवं व्हावं, दोन पानं वाचावीत, की कोणीतरी फणस फोडायला घेतंच. मग हाताला खोबरेल लावून बसा. त्या ३८व्या पानावर माझा तेलकट अंगठा कायमचा उमटलाय. बाकी पुस्तक उशीला बरं होतं.

चिरंजीव इंग्रजी माध्यमात. मराठी बोलतात फाडफाड, वाचतात मात्र अक्षराखाली बोट ठेवून. आईचं मार्चमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, अजून नवा चष्मा यायचाय, त्यामुळे तिला वाचून दाखवायचंय. ती दर पानाला "अगं, आमच्याकडे पण असंच!" म्हणून अर्धा तास बोलणार, तेव्हा मध्येच थांबलं तरी चालेल असं हवं. तिसरं माझ्यासाठी. संध्याकाळी वीज जाते, आणि रेंज फक्त विहिरीच्या काठावर.

ठाणेकर_बंड्या:
ई-बुकं घ्या ना. सॅक रिकामी, शंभर पुस्तकं खिशात.

जास्वंद:
बंड्या, वीज. वर लिहिलंय.

देवघेव:
तालुक्याच्या वाचनालयात २६ वर्षं देवघेवीच्या टेबलाशी बसलो, म्हणून थोडं सविस्तर. मेमध्ये लोक जाडजूड पुस्तकं नेतात आणि जूनमध्ये ओशाळून परत करतात. कुठवर वाचलंय ते विचारावं लागत नाही. पुस्तक मिटून कडेनं बघायचं. मळकट पट्टा संपला की वाचनही संपलं. आमरसाचे डाग पहिल्या पन्नास पानांत, पुढे सगळं कोरं करकरीत. एकदा तर पानांतून लाल मुंग्यांची रांग निघाली होती, रजिस्टरवरून चालत गेली.

चिरंजीवांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या. वीस पुस्तकं आहेत, तुम्ही एकच न्या. पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्यानं वाचायचं आणि ऐन रंगात आलं की "झाडांना पाणी घालायचंय" म्हणून उठायचं. पुस्तक तिथेच उघडं ठेवायचं. परत आल्यावर बोट कुठे पोचलंय ते बघा, विचारू मात्र नका.

आईंना 'स्मृतिचित्रे'. पहिला भाग १९३४चा, पण लक्ष्मीबाई टिळक ओट्यावर बसून बोलतायत असंच वाटतं. लग्न झालं तेव्हा त्या चिरंजीवांच्याच वयाच्या होत्या. वडिलांच्या सोवळ्याचं प्रकरण आलं की आईंचा अर्धा तास ठरलेला. सॅकचा प्रश्न असेल तर संक्षिप्त आवृत्तीही मिळते.

तुम्हाला 'बनगरवाडी'. माडगूळकरांनी कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर नेऊन सोडलाय. कादंबरी छोटीशीच, फणस फोडून झाल्यावरही धागा सापडतो.

कुंभार्लीचा_धुका:
देवघेव काकांशी बाकी सहमत, 'बनगरवाडी'शी नाही. पुस्तक थोरच, पण शेवटी दुष्काळ पडतो हो! मेच्या उकाड्यात ते वाचून घशाला कोरड पडली होती माझ्या. त्यापेक्षा 'व्यक्ती आणि वल्ली' न्या. अंतू बर्वा रत्नागिरीचाच, आईंनाही चालेल.

जास्वंद:
अंतू बर्वा आईला पाठ आहे. मी वाचायला लागले तर माझ्या आधी तीच म्हणेल, वर उच्चार सुधारेल.

देवघेव:
दुष्काळाचं खरंय. पण समोर समुद्र असताना वाचायचाय की.

जास्वंद (२३ मे):
आलो परत. पाणी घालायची युक्ती तीन दिवस चालली. चौथ्या दिवशी चिरंजीव म्हणाले, "आई, झाडं कुजतील." पण तोवर पुस्तक त्यांच्या हातात गेलं होतं. बनेश फेणे फुरसुंगीचा आहे हे कळल्यावर तर "म्हणजे आपली फुरसुंगी? हडपसरच्या पुढची?" असं चार वेळा विचारून झालं. आता रविवारी तिकडे जायचंय म्हणे. काय दाखवू तिथे, कोणी सांगेल का?

'बनगरवाडी' दोन दुपारींत संपली. धुका, घशाला कोरड पडली, कबूल.

'स्मृतिचित्रे' संपलं नाही, आईची मधली भाषणंच जास्त झाली. निघताना सॅकेतून तिनंच काढून घेतलं, "अर्ध्यावर कुठे नेतेस?" म्हणाली. शेजारची मुलगी वाचून दाखवणार आहे. त्या जागेत फणसाची साटं आणली.