ऑफर स्वीकारली म्हणजे घर पक्के नव्हे

घरासाठी दिलेली ऑफर विकणाऱ्याने स्वीकारली की निर्धास्त व्हावे, असे काहीजण म्हणतात; हे मत निदान इंग्लंड-वेल्सपुरते मला पटत नाही; दोन्ही बाजूंनी सह्या केलेल्या करारांची अदलाबदल होऊन साधारण १० टक्के अनामत भरली जाईपर्यंत कोणताही पक्ष भरपाई न देता माघार घेऊ शकतो. आमच्या साखळीत, म्हणजे एकाची खरेदी दुसऱ्याच्या विक्रीवर अवलंबून असलेल्या व्यवहारांच्या रांगेत, चार घरे होती. सर्वांत खालच्या, पहिलेच घर घेणाऱ्या जोडप्याचे कर्ज फिसकटले आणि ज्यांचे तोंडही आम्ही पाहिले नव्हते त्यांच्यापायी आमचा घराच्या तपासणीचा (सर्व्हेचा) खर्च बुडाला, शिवाय पोळपाट-लाटण्यासकट बांधलेली खोकी सात आठवडे जिन्याखाली पडून राहिली.

आणखी एक मुद्दा असा, की कर्जाच्या मंजुरीपत्रालाही मुदत असते, बहुधा तीन ते सहा महिन्यांची; साखळी नव्याने जुळेपर्यंत आमची ती संपली आणि नवे कर्ज चढ्या व्याजाने घ्यावे लागले.